आधी स्वारी, मग स्नान : पुष्करला जाण्यापूर्वी

येत्या दिवाळीच्या सुट्टीत पुष्करला जायचे असे आमच्या विभागातल्या चौघांचे ठरले आणि नियोजनाचे काम, नेहमीप्रमाणे, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे आले. प्रवासाचे टिपण करायला बसलो तेव्हा ते दोन पानांत आटोपेल अशी समजूत होती. गाडी अजमेरपर्यंत, तेथून नागपहाडाचा घाट ओलांडून बारा-पंधरा किलोमीटर, सरोवरावरचे बावन्न घाट, ब्रह्मदेवाचे देऊळ, टेकडीवरची सावित्री, परत. परंतु टिपणाच्या दुसऱ्याच ओळीत आम्ही 'जगातील एकमेव प्राचीन ब्रह्ममंदिर' असे लिहून गेलो आणि तेथेच अडलो. एकमेव? प्राचीन? ज्या दोन विशेषणांच्या जोरावर हे गाव प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत मिरवते ती दोन्ही तपासून पाहावीत म्हणून पुस्तके काढली. टिपण लांबत गेले. त्याचे जे झाले ते येथे देत आहोत.

प्रथम तिथीचा विचार. पुष्करचे मुख्य स्नान कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे, पाच दिवसांचे. मराठी माणसाला ही एकादशी वेगळी सांगावी लागत नाही. त्याच दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात कार्तिकीची दाटी असते. म्हणजे आमच्यापैकी ज्यांच्या घरी वारी आहे त्यांना एकाच तिथीला दोन पाण्यांपैकी एक निवडावे लागणार. (आमच्यातल्या एका बाईंनी पंढरपूर निवडले आणि चौघांचे तिघे झालो.) उंटांचा जो बाजार छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचा आहे तो स्नानाच्या मुख्य दिवसांपूर्वीच बराचसा उरकत येतो. तेव्हा बाजार पाहायचा असेल तर आधी जावे, स्नान घडावे असे वाटत असेल तर नंतर. आम्हांला दोन्हींपेक्षा दगड आणि शिलालेख पाहण्यात रस होता. त्यासाठी कोणतीही तिथी चालते, आणि गर्दी नसलेली अधिक चांगली.

मात्र आमच्या मते पुष्करच्या यात्रेचा पहिला मुक्काम अजमेर नव्हे. तो नाशिक आहे.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, म्हणजे शिलालेखांतल्या त्रिरश्मी पर्वतात, दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते भिक्षूंसाठी कोरविले. हा दिनीकाचा पुत्र, जातीने शक. ऋषभदत्त या नावाचे हे प्राकृत रूप. लेण्याच्या ओसरीत मागच्या भिंतीवर त्याच्या दानधर्माची मोठी यादी कोरलेली आहे. तीन लक्ष गाई. बार्णासा नदीवर सुवर्णदान आणि घाट. प्रभासतीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर विनामूल्य नावा. यादीतली शेवटची नदी वाचताना डहाणूचे स्टेशन डोळ्यांपुढे येते आणि दोन हजार वर्षे क्षणभर पुसली जातात. लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. भगवानलाल इंद्रजी, सेनार आणि पुढे म. म. वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन केले आहे. मिराशींचा 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप' या विषयावरील मराठी ग्रंथ १९७९ पासून आपल्या ग्रंथालयांत आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या लेखात एक गोष्ट अवश्य पाहावी. लेखाचा आरंभ तृतीयपुरुषी आहे. अमुकाचा पुत्र, अमुकाचा जावई, त्याने हे दिले, ते बांधले, अशी प्रशस्तीची ठरीव चाल. ती यादी संपून लेण्याचा उल्लेख होतो, आणि मग एकाएकी क्रियापद प्रथमपुरुषी होते. 'मी गेलो' असे उषवदात स्वतः बोलू लागतो. स्वामींच्या आज्ञेवरून मी पावसाळ्यात निघालो. मालयांनी उत्तमभाद्रांच्या प्रमुखाला वेढले होते, त्याला सोडविण्यासाठी. माझ्या येण्याच्या नुसत्या गर्जनेने ते मालय पळाले आणि उत्तमभाद्रांचे बंदी झाले. तेथून मी पोक्षराला गेलो, स्नान केले, तीन हजार गाई आणि एक गाव दिले. एवढाच मजकूर. पोक्षर म्हणजे पुष्कर.

पुष्करला जाऊन आलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला इतका जुना वृत्तान्त आमच्या पाहण्यात दुसरा नाही, आणि तो पुष्करात नसून आपल्या दाराशी, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. त्याची रचना लक्षात ठेवावी. आधी स्वारी, मग स्नान. शत्रू पळाला, त्यानंतर सरोवर. बुडी मारताना उषवदाताच्या मनात काय होते हे लेख सांगत नाही; विजयाचा आनंद, पापक्षालन की वाटेवरचे तीर्थ चुकवू नये एवढीच व्यवहारबुद्धी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र लेख तेथेही थांबत नाही. याच लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी आपण वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण मोजून एक शेत विकत घेतले, हेही त्याने कोरून ठेवले आहे. राजाचा जावई, हाताशी फौज. तरी शेत हिसकावले नाही, विकत घेतले, आणि विकत घेतल्याची नोंद केली. या ओळीकडे आम्हांला पुढे पुन्हा यावे लागेल.

आता दुसरा मुक्काम ग्रंथातला. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे प्रकरण आहे. पांडव वनात आहेत, अर्जुन अस्त्रांसाठी गेला आहे, आणि पुलस्त्याने पूर्वी भीष्माला जे सांगितले ते नारद युधिष्ठिराला सांगतो. तीर्थांची ती गणना पुष्करापासून सुरू होते. पण पुष्करचे नाव येण्याच्या लगेच आधी तीर्थयात्रा कशासाठी याचे जे कारण येते ते यादीपेक्षा मोलाचे आहे. यज्ञाला साधने लागतात, द्रव्य लागते, माणसे लागतात. तो राजांना किंवा धनवंतांना साधतो, दरिद्री माणसाला साधत नाही. त्या दरिद्री माणसाला यज्ञाइतकेच फळ देणारा विधी म्हणजे तीर्थगमन, असा तेथील युक्तिवाद आहे. वनवासी आणि तूर्त निष्कांचन अशा युधिष्ठिराला हे ऐकविले जाते यातला कवीचा मार्मिकपणा वेगळा सांगायला नको. पां. वा. काणे यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या चौथ्या खंडात (१९५३) तीर्थविषयाचा जो विस्तार केला आहे त्यातही हा विचार महत्त्वाचा ठरतो.

म्हणजे सिद्धान्त असा की तीर्थ हे गरिबाचे. इतिहासाच्या नोंदी मात्र तीन हजार गाईंच्या. अनवाणी आलेला, बुडी मारून परत गेलेला यात्रेकरू कोणत्याच शिळेवर नाही. पुष्करचा इतिहास लिहिणे म्हणजे ज्यांना तीर्थाची शास्त्रानुसार फारशी गरज नव्हती त्यांचा इतिहास लिहिणे होय, ही अडचण आधीच मान्य करून पुढे गेलेले बरे.

पुराणकथेत आम्ही फार रमणार नाही; पद्मपुराणाच्या सृष्टिखंडात ती सविस्तर आहे. ब्रह्मदेवाच्या हातातले कमळ तीन ठिकाणी पडले आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी तीन पुष्करे झाली. यज्ञाची वेळ झाली, सावित्री येईना, म्हणून इंद्राने एक आभीरकन्या आणली, तीच गायत्री. तिला शेजारी बसवून यज्ञ सुरू झाला. सावित्री आली आणि तिने शाप दिला की या स्थानावाचून अन्यत्र तुझी पूजा होणार नाही. ती रुसून टेकडीवर गेली आणि तिचे देऊळ आजही सरोवरापासून दूर, उंचावर आहे. पूर्वी पायऱ्या चढाव्या लागत. २०१६ पासून रोपवे आहे. गवळ्याची पोर वैदिक यज्ञात पत्नीच्या आसनावर बसते आणि पुढे वेदमाता म्हणून पूजिली जाते, हा या कथेतला खरा गाभा. आपल्याकडे स्त्री-साहित्यावर एवढे प्रबंध होत असता या कथेकडे कुणी नीट पाहू नये याचे नवल वाटते.

आता 'एकमेव'. शाप एका स्थानाचा अपवाद करतो, म्हणून लोकांनी देऊळही एकच मानले. प्रत्यक्षात गुजरातेत खेडब्रह्मा आहे, तमिळनाडूत कुंभकोणमला ब्रह्मदेवाचे देऊळ आहे. लांब कशाला, गोव्यात सत्तरी तालुक्यात ब्रह्मकरमळी आहे. तिथली मूर्ती मुळात तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मूर्तिभंजनापासून वाचविण्यासाठी भक्तांनी ती डोंगरापलीकडे नेली आणि गावाचे नावही बरोबर नेले. नालासोपाऱ्याला चक्रेश्वर महादेवाच्या आवारात ब्रह्मदेवाची भव्य उभी मूर्ती आहे. आणि सोपारा म्हणजे उषवदाताच्या धर्मशाळेचे शूर्पारक. तेव्हा टिपणातले पहिले विशेषण खोडले. दुसऱ्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागला.

पुष्करात आज जी देवळे दिसतात त्यांच्यापैकी प्रमुख पाच म्हणजे ब्रह्मा, सावित्री, वराह, बद्रीनारायण आणि शिव आत्मतेश्वर. हरबिलास सारडा यांचा अजमेरवरील इंग्रजी ग्रंथ १९११ चा आहे. (बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या 'सारडा कायद्या'चे सारडा ते हेच.) तो ग्रंथ आणि ब्रिटिश काळातली गॅझेटियरे एकत्र ठेवून वाचली की कळते, ती पाचही, आज उभी आहेत त्या स्वरूपात, अलीकडची आहेत. वराहाचे देऊळ मूळचे बाराव्या शतकातल्या अर्णोराज चौहानाचे. पुढे राणा अमरसिंहाचा चुलता, जो मोगलांच्या चाकरीत होता, त्याने त्यावर मोठा खर्च केला. १६१३ मध्ये जहांगीर अजमेरला आला आणि पुष्करला शिकारीसाठी गेला. त्याच्या आत्मवृत्तात हा प्रसंग आहे. वराहमुखी काळी मूर्ती पाहून त्याने ती फोडून सरोवरात टाकायला सांगितले. देऊळ बांधणारा त्याच्याच दरबारचा सरदार होता, ही गोष्ट त्याला ठाऊक होती आणि त्याने ती लिहूनही ठेवली आहे. सरोवराला तळ नाही असे लोक म्हणतात हे ऐकून त्याने खोली मोजविली. ती कोठेही बारा हातांहून अधिक भरली नाही, आणि परीघ दीड कोसाच्या आसपास. मूर्ती फोडणारा बादशहा आणि दोरी टाकून पाणी मोजविणारा जिज्ञासू ही दोन्ही माणसे एकाच पानावर भेटतात. एकाला वगळून दुसऱ्याविषयी बोलणे सोपे असते, आणि आपल्याकडे दोन्ही बाजूंनी तेच चालते. औरंगजेबाच्या काळात पुन्हा विध्वंस झाला. आजचे वराहमंदिर जोधपूरच्या बख्तसिंहाच्या जीर्णोद्धाराचे. सावित्रीचे देऊळ अजितसिंहाच्या पुरोहिताने बांधलेले. बद्रीनारायणाचे खरव्याच्या ठाकुराने, १८०० च्या सुमारास.

उरली दोन, आणि तेथे आम्ही थबकलो. आत्मतेश्वराचे देऊळ अजमेरचा मराठा सुभेदार गुमानराव याने उभारलेले. (या देवाला कोणी आपटेश्वरही म्हणतात, मराठी कान टवकारतील, पण केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारण्याचा मोह आवरावा.) आणि ब्रह्मदेवाचे ते सुप्रसिद्ध मंदिर १८०९ साली दौलतराव शिंद्यांचा मंत्री गोकुळ पारख याने बांधविलेले. 'प्राचीन' या विशेषणाचा निकाल असा लागला. तीर्थ प्राचीन, देवता प्राचीन, आणि वास्तू मात्र आपल्या पेशवाईच्या शेवटच्या दशकातली. मथुरेचे द्वारकाधीश मंदिरही शिंद्यांचे खजिनदार गोकुळदास पारीख यांनी १८१४ मध्ये बांधले. दोन्ही गोकुळ एकच असावेत हा तर्क कोणालाही सुचेल. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मकार्याच्या याद्यांतही पुष्करचे नाव आहे, पण त्यांचे नाव न येणारे तीर्थ शोधणेच कठीण.

येथपर्यंत वाचल्यावर आमच्यातले एक सर खूश झाले. 'म्हणजे पुष्कर आपलेच!' असे त्यांचे उद्गार. आम्हीही क्षणभर सुखावलो. नंतर साहजिक प्रश्न आला : पुण्याच्या, उज्जैनच्या, ग्वाल्हेरच्या माणसांच्या हाती अजमेर आले कसे?

ते आले रक्ताच्या मोबदल्यात. मारवाडच्या गादीसाठी रामसिंह आणि विजयसिंह या चुलतभावांत भांडण होते. रामसिंहाने जयाप्पा शिंद्यांना मदतीला बोलावले, अर्थात पैशाच्या बोलीवर. विजयसिंह हरून नागोरच्या किल्ल्यात शिरला. जयाप्पांनी वेढा घातला आणि तो वर्षभर चालला. १७५५ च्या जुलैत नागोरजवळच्या ताऊसर येथे छावणीत मारेकरी शिरले आणि जयाप्पा मारले गेले. दत्ताजींनी वेढा उठविला नाही. १७५६ मध्ये तह झाला तेव्हा विजयसिंहाने अजमेरचा किल्ला आणि प्रांत मराठ्यांना दिला तो 'मुंडकटी' म्हणून, म्हणजे कापलेल्या मस्तकाची भरपाई म्हणून. मधली १७८७ ते १७९० ही वर्षे सोडली तर १८१८ पर्यंत अजमेर, आणि त्याबरोबर पुष्कर, मराठ्यांकडे राहिले. जून १८१८ च्या तहाने दौलतरावांनी ते इंग्रजांना दिले. गॅझेटियरांत जयाप्पांची छत्री पुष्करात असल्याची नोंद आहे. पुष्करातले आमचे पहिले दर्शन आम्ही ठरविले आहे ते ब्रह्मदेवाचे नव्हे, या छत्रीचे. ती कोणत्या स्थितीत आहे ते पाहू.

मुंडकटीच्या मागेही एक हिशेब आहे, आणि तो मराठी रियासतीच्या वाचकांना अगदीच अपरिचित नाही. १७५० च्या डिसेंबरात जयपूरच्या ईश्वरीसिंहाने मराठ्यांची मागणी भागविता येईना म्हणून आत्महत्या केली. पुढल्याच महिन्यात जयपूरच्या नागरिकांनी शहर पाहायला आलेल्या मराठ्यांवर हत्यार उचलले आणि हजारो मराठे एका दिवसात कापले गेले. जयाप्पा त्या वेळी शहराबाहेरच्या छावणीत होते. चार-पाच वर्षांनी नागोरला जे घडले ते एकाएकी घडले नाही. ज्यांच्याकडून चौथाई, खंडणी आणि नजराणे वसूल होत होते त्यांनी आपल्याला कोणत्या नजरेने पाहिले, हा प्रश्न आपल्या शालेय पुस्तकांतून येत नाही. तिथे अटक येते आणि पानिपत येते. मधला राजस्थान गाळलेला असतो. पानिपतावर कादंबऱ्या, नाटके, पोवाडे; नागोरवर काय आहे?

आणि पुन्हा ते १८०९ साल. ज्या वर्षी पुष्करात ब्रह्मदेवाचे शिखर चढत होते त्या वर्षी खुद्द दौलतराव राजस्थानातच होते. इंग्रज रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा प्रमुख टॉमस ब्रॉटन त्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. (छावणीतल्या शिपायांच्या तोंडची दोहे-कवित्ते याच ब्रॉटनने गोळा करून १८१४ मध्ये छापली, हिंदीच्या अभ्यासकांना तो त्यासाठी ठाऊक आहे. मराठीत असा एखादा शिपाई-संग्राहक आपल्याला भेटला असता तर!) पत्रे परक्याची आहेत, शिष्टपणाची आहेत, पूर्वग्रह जागोजाग आहेत. हे सर्व वजा करूनही जे उरते ते असे : थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसलेल्या पलटणी, चालत्या लष्कराच्या वाटेतली उभी पिके, जयपूरच्या मुलखात खंडणीसाठी दुणीच्या किल्ल्याला घातलेला वेढा. दुणी आज टोंक जिल्ह्यात आहे. मालवगणाची, म्हणजे उषवदाताच्या मालयांची, नाणी ज्या नगर गावाच्या मातीत सापडली तेही टोंक जिल्ह्यातच आहे. सतराशे वर्षांच्या अंतराने दक्षिणेकडच्या दोन फौजा जवळपास त्याच मुलखात शिरल्या, आणि दोघींच्याही पुण्याची नोंद पुष्करच्या खात्यावर आहे.

फरक कुठे आहे? उषवदाताने चार हजार कार्षापणांची नोंद केली. ब्रह्ममंदिराचा पैसा कुठून आला हे कुठल्याही भिंतीवर कोरलेले नाही. तो मंत्र्याचा खासगी पैसा असेल, सावकारीतला असेल. त्याला सरसकट लुटीचा म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण ज्या राज्यात शिपायाचा पगार थकतो आणि मंत्र्याचे देऊळ पुरे होते त्या राज्याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र आहे.

आमच्या सरांना हे आवडले नाही. 'इतरांनी देवळे पाडली, यांनी बांधली, एवढे पुरे नाही का?' असे ते म्हणाले. मुद्दा हलका नाही. विध्वंस झालेल्या जागी पुन्हा घंटा वाजू लागणे याचे मोल तिथल्या पुजाऱ्याला आणि यात्रेकरूला काय होते ते आपण खुर्चीत बसून ठरवू नये. सुभेदार गुमानरावाने शंकराचे देऊळ बांधले ते काही आपल्याला अभिमान वाटावा म्हणून नव्हे. त्याची श्रद्धा होती म्हणून. पण 'एवढे पुरे' म्हटले की ईश्वरीसिंह गळतो, दुणीचा शेतकरी गळतो, आणि जयाप्पाही गळतात. कारण त्यांचे मस्तक हीच या जमिनीची किंमत होती, हे सांगितल्याशिवाय सुभेदार अजमेरला पोहोचतच नाही. एक पान फाडून दुसरे वाचता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे. वाद तिकिटे काढण्याच्या दिवसापर्यंत चालला आणि गाडीत पुढे चालू राहील असे दिसते.

सरोवराविषयी थोडे. जहांगिराने मोजविलेले ते पाणी पावसाचे आणि भोवतालच्या टेकड्यांतून येणाऱ्या ओहोळांचे आहे. टेकड्या उघड्या झाल्या तसा गाळ येत गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली गाळ काढण्याचे काम सुरू होते आणि पाऊसही पुरेसा झाला नाही. त्या वर्षीच्या कार्तिकात सरोवर कोरडे होते आणि कूपनलिकेच्या पाण्याने भरलेल्या छोट्या कुंडात लोकांनी स्नान केले. तळ नसलेल्या सरोवराचा तळ त्या वर्षी सर्वांनी पाहिला. यात्रा मात्र भरली. महाभारतातला तो दरिद्री यात्रेकरू या एका वर्षी तरी छायाचित्रांतून इतिहासात आला. गुडघाभर पाण्यात उभा, ओंजळ भरून.

आता टिपणाचा शेवटचा भाग. पहिला दिवस पांडवलेण्यांचा. आधी एखाद्या रविवारी एस.टी.ने जाऊन यायचे. लेख उंचावर आणि अंधारात असल्याने दुर्बीण आणि मिराशींच्या पानांच्या झेरॉक्स प्रती बरोबर घ्यायच्या. नंतर अजमेर. तेथे तारागड, आणि दर्गा. दौलतरावांच्या आधीच्या पिढीतले महादजी बीडच्या मन्सूरशहा या सूफी सत्पुरुषाला गुरू मानीत, हे स्मरले की शिंद्यांच्या माणसांना दर्गा परका वाटला नसावा हे कळते. पुष्करात दोन मुक्काम. पहिल्या सकाळी छत्रीचा शोध आणि आत्मतेश्वर, जे जमिनीखाली उतरून पाहावे लागते, दुपारी ब्रह्मा, दुसऱ्या पहाटे सावित्रीची टेकडी, शक्यतो पायऱ्यांनी. गुडघ्यांची तक्रार असलेल्या सरांना रोपवे. जुने रंगजी मंदिरही पाहायचे आहे. हैदराबादच्या गनेरीवाल शेटजींचे ते एकोणिसाव्या शतकातले देऊळ, वाळवंटाच्या काठावर द्राविडी गोपुर घेऊन उभे आहे. दक्षिणेतून केवळ फौजाच आल्या नाहीत याचा तो पुरावा.

घाटावर तीर्थोपाध्याय गाठतीलच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी असतात तशाच त्यांच्याही बह्या असतात. गाव, आडनाव सांगितले की पूर्वी आलेल्यांची नावे काढून दाखवितात आणि आपली लिहून घेतात. आमच्या तिघांपैकी एकाचे घराणे शिंदेशाहीत उज्जैनला होते अशी घरातली समजूत आहे. त्याला बही उघडवून पाहायची आहे. त्याच्या आजीने मात्र बजावून ठेवले आहे, 'नाव निघालं तर आधी विचार, दक्षिणा काय दिली होती ते.'